अबोली रंगाचे तारे

तासगावच्या कॉलेजात छत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या भालचंद्र गुरवांना आषाढातलं आकाश फक्त पुस्तकांतून ठाऊक होतं. वृश्चिक रास संध्याकाळच्या वेळी ऐन भरात असते, नेमकं त्याच दिवसांत तिकडे ढगांचं झाकण बसायचं, ते गणपती होऊन गेल्यावरच निघायचं. साठी उलटल्यावर ते मुलाकडे, ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावी राहायला आले. ओंकार तिथे बेदाण्याच्या कारखान्यात होता. आल्यानंतरच्या पहिल्याच जुलैत ते परसात गेले आणि मान वर करून बघतच राहिले. जुलै म्हणजे तिथला कडाक्याचा हिवाळा. साडेपाचला दिवस मावळायचा आणि सातच्या आत मिट्ट काळोख. हवा कोरडी, ढगाचा मागमूस नाही. आणि तो अख्खा विंचू, नांगीसकट, डोक्यावर चढत चाललेला! एवढी वर्षं आपण कशाला मुकत होतो ते त्यांना त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून ते गावातल्या मराठी मंडळासाठी दर महिन्याला एक टिपण लिहीत. रेडिओवर रविवारी मराठीला अर्धा तास मिळायचा, त्यात 'या महिन्याचं आकाश' नावाची सात मिनिटं होती. लिहायचे भालचंद्र, वाचायची त्यांची बायको संजीवनी. त्यांना चार माणसांपुढे नमस्कार म्हणतानाही घाम फुटायचा, आणि तिचा आवाज असा खणखणीत की ऐकणाऱ्याला तारा दिसलाच पाहिजे.

टिपणापुरता त्यांचा एक नियम होता. जे स्वतः पाहिलेलं नाही, ते लिहायचं नाही. पुस्तकातून उचललेल्या एखाद्या ओळीचाही त्यांना रात्रभर घोर लागायचा. मुळात आपलं हे लिहिणं कुणी ऐकतं का, आपल्याला त्यातलं कितीसं कळतं, ही शंका त्यांना कायमचीच. 'जून महिन्यात स्वाती उत्तरेला दिसते' एवढं वाक्यही ते तीनदा खोडून चौथ्यांदा लिहायचे.

सहा वर्षांपूर्वी संजीवनीची नजर गेली. डोळ्यातला पडदा कडेकडून झिजत झिजत मधोमध पोचला आणि उजेड-अंधारापलीकडे काही उरलं नाही. पण सात मिनिटं थांबली नाहीत. भालचंद्र टिपण दोनदा वाचून दाखवायचे, ती पाठ करायची आणि माइकसमोर बसून असं बोलायची की बेंडिगोहून एका बाईनं पत्र पाठवलं, 'ताई, तुमची नजर किती तीक्ष्ण आहे!' ते पत्र ऐकून संजीवनी हसून हसून बेजार झाली होती.

यंदा मार्चमध्ये तिच्या दोन्ही डोळ्यांत चकत्या बसवल्या.

ही चकती तांदळाच्या दाण्याच्या चतकोराएवढी, पडद्याच्या मागे सरकवलेली. चष्म्यात एक बारीक कॅमेरा. तो बघतो ते चकतीवरच्या चार हजार टिंबांकडे पाठवतो, टिंबं मज्जातंतूला टोचणी देतात आणि मेंदूला वाटतं, दिसलं. आता चार हजार टिंबांत माणसाचा चेहरा म्हणजे रांगोळीच्या ठिपक्यांपेक्षा फार वेगळा नसतो. म्हणून चष्म्यातला संगणक मधल्या जागा स्वतः भरतो. ओंकारचा चेहरा त्याला माहीत असतो. पायरीची कड कशी असते, कपाचा कान कुठे असतो, हे त्याला माहीत असतं. त्यात नवल काहीच नाही. आपल्या धडधाकट डोळ्यातही एक आंधळा ठिपका असतो, जिथून तंतू बाहेर पडतात, आणि मेंदू तिथे शेजारचा रंग ओढून भोक बुजवतो. जन्मभर बुजवतो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

डॉक्टरांनी हे सगळं समजावलं होतं. भालचंद्रांनी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण आकाशाचं काय, हे विचारायचं तेवढं राहिलं.

जूनमधल्या एका संध्याकाळी संजीवनी पहिल्यांदा परसात उभी राहिली. मान वर करून हळूहळू जागच्या जागी फिरली. मग म्हणाली, "अहो, हे सगळं इथेच होतं?"

"काय काय दिसतंय?" भालचंद्रांनी विचारलं.

"काय दिसत नाही ते विचारा. त्रिशंकू, मित्र, मित्रक. विंचवाचा आकडा. आणि आकड्याच्या खाली हे कसलं कडं आहे? बारक्या बारक्या ताऱ्यांचं, बांगडी फुटल्यासारखं?"

तो दक्षिण मुकुट होता. भालचंद्रांना तो दुर्बिणीतूनच काय तो दिसायचा. आपल्या बायकोची नजर आपल्याहून तेज झाली याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी घरात जाऊन सुनेला उगाच दोनदा चहा करायला सांगितलं.

महिनाभर त्या दोघांचा हाच उद्योग. दिवेलागणीला जाकिटं, कानटोप्या चढवायच्या आणि परसात जायचं. ती दाखवणार, ते वहीत टिपणार. "एवढं साधं दिसत नाही तुम्हाला?" असं ती खिजवायची, आणि त्यांना ते खिजवणंही गोड लागायचं.

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. मंडळाच्या सचिव वर्षा मगदूम घरी आल्या. "काकू, यंदा दिव्यांच्या अवसेला आपण आखाड तळायचा आणि मग सगळ्यांना तारे दाखवायचे. चंद्र नसतोच. तुम्ही दाखवायचं. अगदी बोट करून!"

"दिव्यांच्या अवसेला दिवे मालवायचे? तुझी सासू मला जिवंत सोडेल का?"

"सासूबाईच म्हणाल्या, रेडिओवरची बाई डोळ्यांनी बघायचीय."

संजीवनीनं लगेच होकार दिला. चाळीस-पन्नास माणसं येणार होती.

अवसेला आठ दिवस होते तेव्हाची गोष्ट. दुपारपासून आभाळ भरून आलं होतं. तिथे हिवाळ्यात कधीतरी असे पातळ, पांढुरके ढग येतात. पाऊस देत नाहीत, नुसतं झाकून टाकतात. भालचंद्र दोरीवरचे कपडे काढायला परसात आले, तर संजीवनी पायरीवर बसून वर बघत होती.

"या, या. आज काय लखलखतंय हो! ज्येष्ठा तर निखाऱ्यासारखी."

भालचंद्रांनी वर बघितलं. एकही तारा नव्हता. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी ढग.

"दिसतेय ना?"

हातातले टॉवेल छातीशी धरून ते म्हणाले, "हो."

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी चष्म्यासोबत आलेली जाड पुस्तिका काढली. ब्याण्णवाव्या पानावर ते सापडलं. बारक्या अक्षरांत लिहिलं होतं, की रात्रीच्या आकाशातले बहुतेक तारे कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर असतात. त्यामुळे दिवस, वेळ, ठिकाण आणि मानेचा कोन यांवरून उपकरण ताऱ्यांच्या यादीतून आकाश भरून काढतं. म्हणजे निरभ्र रात्रीही फिके तारे कॅमेऱ्याला दिसत नसतच. मग ते ढगानं झाकलेत, हे त्याला कळणार तरी कसं? संजीवनीनं महिनाभर ज्याला आकाश म्हटलं, ती बहुतांशी एक यादी होती. एका ग्रंथपालाला यादी आणि पुस्तक यांतला फरक कुणी शिकवायला नको.

ते पुस्तिका मिटून बसून राहिले. आपलाच काहीतरी वाचण्यात घोटाळा झाला असेल, असं वाटून पुन्हा उघडली. घोटाळा नव्हता.

सकाळी त्यांनी ओंकारला गाठलं. तो कारखान्यात निघाला होता, एक बूट पायात, एक हातात. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग काय झालं, बाबा? आई खूष आहे. राहू दे की."

"अवसेला ढग आले तर? पन्नास माणसांपुढे ती ढगाकडे बोट करून ज्येष्ठा दाखवेल. लोक काय म्हणतील तिला?"

ओंकारचा हातातला बूट हातातच राहिला. "मग सांगा तुम्ही."

"तू सांगतोस?"

"बाबा, लग्न तुमचं झालंय तिच्याशी."

पुढचे पाच दिवस भालचंद्र रोज ठरवायचे आणि रोज गप्प बसायचे. एकदा ते "अगं" एवढं म्हणाले आणि पुढे "मीठ दे" असं जोडलं. सांगावं तर तिच्या हातून आकाश काढून घ्यायचं. न सांगावं तर तिला तोंडघशी पडू द्यायचं. आणि तिसरा एक विचार त्यांना सर्वांत जास्त छळायचा. ढग आलेच नाहीत, तर कुणालाच काही कळणार नाही. ते रोज हवामानाचा अंदाज बघू लागले. अवसेच्या संध्याकाळी अर्धं आकाश ढगाळ, असं तिथे लिहिलेलं होतं.

अवसेच्या आदल्या दिवशी दुपारी संजीवनी स्वयंपाकघरात कापण्यांचं पीठ मळत होती. टेबलावर चिंचेनं घासलेली समई आणि निरांजनं वाळत होती. भालचंद्र समोर येऊन बसले.

"संजीवनी, त्या दिवशी संध्याकाळी मी हो म्हणालो ना, तेव्हा मला काही दिसत नव्हतं. ढग होते."

तिचे हात थांबले नाहीत. "कुठल्या दिवशी?"

त्यांनी सगळं सांगितलं. अडखळत, मागेपुढे करत, मधेच पुस्तिकेचं पान काढून दाखवत. मळण्याचा आवाज थांबला.

"म्हणजे मी महिनाभर कॅलेंडर बघत होते?"

"कॅलेंडर नाही गं. तारे त्या जागी आहेतच. फक्त..."

"फक्त मला दिसत नाहीत." तिनं पिठाचा हात ताटाला पुसला. "आठ दिवस माहीत होतं तुम्हाला. आठ दिवस माझ्या शेजारी बसून वहीत लिहीत होतात."

"मला धीर झाला नाही."

"तुम्हाला कधी झालाय?" ती फटकन म्हणाली. मग ती वेगळ्याच सुरात बोलली. "एक सांगा मला. सहा वर्षं मी रेडिओवर बोलत होते. एक तारा दिसत नव्हता. तेव्हा तुम्हाला ते खोटं नाही वाटलं?"

"ते मी पाहिलेलं असायचं."

"हां. म्हणजे तेव्हा माझी यादी तुम्ही होतात."

भालचंद्रांनी पुस्तिका मिटली. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "हे भरायचं बंद कसं करतात?"

त्या संध्याकाळी आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. चष्म्याच्या काडीवरचं बटण तीनदा दाबून संजीवनी पायरीवर उभी राहिली. भालचंद्र दारातच थांबले. पुढे जायचा त्यांना हक्क वाटेना. ती मान हळूहळू फिरवत होती, अंधारात एखादी वस्तू चाचपडावी तशी.

"चार," ती म्हणाली. "डोक्यावर एक तांबूस. दक्षिणेला दोन शेजारी शेजारी. उत्तरेला एक. बाकी सगळं पुसलंय."

ज्येष्ठा, मित्र, मित्रक आणि स्वाती. भालचंद्रांना काहीतरी बोलायचं होतं, पण ती त्यांना ओलांडून आत गेली. रात्री तिनं ताट वाढलं, पण स्वतः जेवली नाही. स्वयंपाकघरात तळणाचं सामान तसंच पडलं होतं. वर्षाला कार्यक्रम रद्द कर म्हणून कळवावं का, असं त्यांनी झोपायच्या खोलीच्या दाराआडून विचारलं. आतून आवाज आला, "माझ्या वतीनं बोलू नका."

सकाळी ते उठले तेव्हा ती फोनवर होती. क्लिनिकमधली मेलिसा इंग्रजीत बोलत होती आणि फोन तिचं जागच्या जागी मराठी करून ऐकवत होता.

"महोदया, पूरक चित्रणाची सुविधा आपण पूर्णतः स्थगित करू इच्छिता काय?"

"अहो, ही बोलतेय की बातम्या देतेय?" संजीवनीनं फोनवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं. काल रात्रीपासून ती त्यांच्याशी आपणहून बोललेली ही पहिली गोष्ट. मग फोनमध्ये म्हणाली, "हे बघ बाळा, बंद नको. मला फक्त कळायला पाहिजे, खरं कुठलं आणि भरलेलं कुठलं. खरं पांढरं राहू दे. भरलेल्याला दुसरा रंग दे."

"असे शक्य आहे. परंतु आजवर कुणीही अशी मागणी केलेली नाही. बहुसंख्य रुग्णांना फरक न जाणवणे सुखावह वाटते."

"मला नाही वाटत."

"कोणता रंग अभिप्रेत आहे?"

संजीवनी विचारात पडली. तिची नजर भिंतीकडे गेली, मग खिडकीकडे. "अबोली," ती म्हणाली. फोननं त्याचं इंग्रजी काय केलं कोण जाणे, कारण मेलिसानं चष्म्यात एकामागून एक रंग पाठवायला सुरुवात केली. "हा नको, हा भगवा झाला. हा तर सोलापुरी चादरीचा. जरा फिका कर. अजून. हां, थांब. हाच."

फोन ठेवून तिनं कढई गॅसवर चढवली. "बसलात काय? कापण्या कोण कापणार?"

भालचंद्रांनी सुरी घेतली. शंकरपाळ्यापेक्षा मोठ्या, तिरक्या कापण्या ते पट्टी लावून कापायला लागले.

"पट्टी कशाला?"

"सारख्या व्हाव्यात म्हणून."

"देवा," ती म्हणाली, पण सुरात राग कमी होता.

संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर पन्नासएक माणसं जमली. समया, निरांजनं, कुणी आणलेला लामणदिवा, सगळे एका टेबलावर मांडून त्यांची पूजा झाली. गूळ-खोबऱ्याचा वास दरवळत होता. मग वर्षाच्या सासूबाईंनी, "दिव्यांनो, रागावू नका, पाच मिनिटांचं काम आहे," असं म्हणून ते टेबल दोघांकडून मंडळाच्या खोलीत नेववलं आणि दार ओढून घेतलं. मैदानावर काळोख पसरला.

हवामानाचा अंदाज बरोबर निघाला होता. पूर्वेकडून ढग डोक्यापर्यंत सरकत आले होते. पश्चिमेची बाजू मोकळी होती. भालचंद्र गर्दीच्या मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी उभे राहिले. टिपण त्यांनी नेहमीसारखं लिहून दिलं होतं. ती ते वाचणार, की टाकून देणार, की काल दुपारचं सगळं लोकांपुढे काढणार, त्यांना काहीच अंदाज नव्हता.

संजीवनी पुढे आली.

"नमस्कार. तुम्ही मला रेडिओवर ऐकलंय. त्यातली सहा वर्षं मला काही दिसत नव्हतं. ह्यांनी लिहायचं, मी बोलायचं." गर्दीत थोडी कुजबुज झाली. "आता या चष्म्यातून दिसतं. पण तेही सगळं मला दिसत नाही, बरंचसं चष्मा आठवून सांगतो. जे खरंच दिसतं ते पांढरं, आणि चष्म्याचं ते अबोली. कालपर्यंत मला हे माहीत नव्हतं. घरी चांगलं भांडण झालं." लोक हसले. "आता बघा, डोक्यावर जरा पूर्वेला ज्येष्ठा आहे. काल मला ती खरीखुरी दिसली होती. आत्ता अबोली दिसतेय. म्हणजे तिथे ढग असणार. बरोबर का?"

"बरोबर, काकू!" पाच-सहा आवाज एकदम आले. कुणीतरी टाळी वाजवली.

"आता मोकळ्या बाजूला वळा. हा त्रिशंकू. माझे इथले सगळे अबोली आहेत, म्हणून मी काही छातीठोक सांगत नाही. टिपणात लिहिलंय, चार तारे सहज दिसतात, पाचवा जरा अंग चोरून आहे, पण नीट पाहिलं तर दिसतो." ती मागच्या बाजूला वळली. "हे लिहिणारे मागे पिंपापाशी उभे आहेत. अहो, पुढे या. यांना दाखवा पाचवा."

पन्नास माना मागे वळल्या. कुणीतरी हळूच पाठीवर हात ठेवून भालचंद्रांना पुढे केलं.

त्यांनी त्रिशंकूकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार. आणि पाचवा तिथे, त्यांतल्या दोघांच्या मधे जरा आत. बोट उचलून ते दाखवणार, तेवढ्यात त्यांना शंका आली. आयुष्यभर नको तिथे येणारी ती शंका आज पहिल्यांदा योग्य जागी आली होती. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. डावा झाकला, मग उजवा. पाचवा जिथे असायला हवा हे त्यांना इतकं पाठ होतं, की तिथे काहीतरी आहे असं वाटतच राहायचं. पण नुसतं बघितलं, काही न आठवता बघितलं, तर तिथे काळोख होता.

"चार," ते म्हणाले.

"मोठ्यानं," संजीवनी म्हणाली.

"चारच दिसतात मला." त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "पाचवा मला गेल्या वर्षीही दिसला नसावा. त्याच्या आदल्या वर्षीही नसेल कदाचित. मोतीबिंदू असणार. पण लिहीत आलो. आणि दर वेळी मला खरंच वाटायचं, की मी पाहून लिहितोय."

पुढचे दोघे-तिघे मान वर करून पुन्हा तारे मोजू लागले.

"म्हणजे तुमचा पाचवाही अबोलीच की हो!" संजीवनी म्हणाली, आणि जी हसायला लागली ती थांबेना. मग सगळेच हसले. भालचंद्रही हसले, पन्नास माणसांसमोर, तोंडावर हात न धरता.

"काका, मला दिसतोय पाचवा," वर्षा मगदूम म्हणाल्या. "आहे तिथेच आहे."

"आहे ना? बरं झालं," भालचंद्र म्हणाले. त्यांना खरोखरच बरं वाटलं.

आता मागे जाऊन उभं राहावं, असं त्यांच्या मनात आलं. पण संजीवनीनं त्यांची बाही धरली होती आणि ती काही सोडेना. लोक वाट बघत होते. खिशातला कागद काळोखात वाचता येण्यासारखा नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"त्रिशंकूच्या जरा वर, डावीकडे या. दोन ठळक तारे आहेत. त्यांतला जास्त तेजस्वी तो मित्र. आपल्याला सर्वांत जवळचा शेजारी. तरी त्याचा उजेड इथे यायला चार वर्षांहून जास्त लागतात." यापुढचं टिपणात नव्हतं. "आत्ता पोचतोय तो उजेड तिकडून निघाला, तेव्हा हिला काही दिसत नव्हतं."

"पांढरा आहे," संजीवनी वर बघत म्हणाली. "अगदी पांढरा."

"हो," भालचंद्र म्हणाले. "हा आम्हां दोघांना दिसतो."